मुकादमाच्या खिशातला हात

"लाकूड माणूस ओळखतं," मुकादम नेहमी सांगायचा. "घाबरून धरलंत की ते चावणारच! मी सव्वीस वर्षं धरतोय. एक ओरखडा दाखवा!"

दाखवणार कोण? मुकादम हे कमरेवर हात ठेवून म्हणायचा आणि ऐकणाऱ्यांच्या दोन-दोन बोटांना पट्ट्या असायच्या. पाडलेल्या घरांचं लाकूड जिथे येतं, असं ते आवार होतं. दारं, चौकटी, वासे, मोडकी कपाटं, मालाची खोकी, सगळं ट्रकमधून धाडकन येऊन पडायचं. त्याच्याबरोबर विटांचे तुकडे, काचा, पत्र्याच्या पट्ट्या आणि वाकडे खिळे फुकट! त्यातून कामाचं लाकूड वेगळं काढायचं, खिळे उपटायचे, कापायचं, रचायचं. अशा ठिकाणी हाताला न लागू देणं म्हणजे नदीत उभं राहून कोरडं राहणं. पण मुकादम कोरडा होता. खोटं बोलायचा नाही तो. त्याला खरोखरच कधी काही लागल्याचं आठवत नव्हतं.

मग आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. महिनाभर तो घरी बसला. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ती नाही म्हणून तो दुसऱ्या खोलीत जायचा, तर तिथेही ती नसायची. शेवटी उठून कामावर आला.

आणि आल्या आल्या लाकूड त्याला चावायला लागलं!

पहिल्यांदा दाराच्या चौकटीतला खिळा तळहातात गेला. मुकादम म्हणाला, "हा खिळ्याचा दोष. लाकडाचा नाही." दुसऱ्यांदा खोक्याच्या फळीचं कुसळ नखाखाली गेलं. मुकादम म्हणाला, "हे खोकं परक्या लाकडाचं आहे. त्याची माझी ओळख नाही."

आता हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण नेमक्या त्याच सुमारास आवारात नवीन मॅनेजरबाई आल्या. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. पण कोणाला काही लागलं की त्यांना ते लिहून ठेवावंसं वाटायचं. त्यांनी एक लांबलचक लाल वही आणली. कोणाला, कधी, कुठे, कशाने लागलं, सगळं त्यात. लोकांनी तिचं नाव 'आई गं वही' ठेवलं, कारण प्रत्येक नोंदीची सुरुवात तशीच व्हायची. आणि बाईंनी नियम काढला: वर्षात तीन नोंदी झाल्या की माणसाने लाकडाला हात लावायचा नाही. फाटकाजवळच्या खुर्चीवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

दिवसाला गाड्या येत चार. उरलेला वेळ समोरची भिंत. फाटकावरचा म्हातारा गेल्याच महिन्यात काम सोडून मुलाकडे गेला होता, त्यामुळे खुर्ची रिकामीच होती. मुकादम येता-जाता तिच्याकडे बघायचा. घरी चार भिंती, इथे पाचवी! दिवसभर माणसांत राहायला मिळतं म्हणून तर तो सकाळी उठून तोंड धूत होता.

बारीकसारीक कुसळं तो दातांनी ओढून थुंकून टाकायचा, ती वहीपर्यंत जात नसत. तर त्याच्या नावावर दोन नोंदी झाल्या होत्या. तिसरी सोमवारी झाली.

म्हणजे झाली, पण वहीत नाही. एक जुनी खिडकी उचलताना चौकटीचं कुसळ उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, जिथे तळहात चांगला गुबगुबीत असतो तिथे, सपकन आत गेलं. चांगली काडेपेटीतली अर्धी काडी! मुकादमाच्या घशाशी 'आई गं' आलं. ते त्याने तसंच गिळलं.

"काय झालं रे?" करवतवाल्याने यंत्र थांबवून विचारलं. करवतवाला म्हणजे त्याचा वीस वर्षांपासूनचा सोबती. त्याच्यापासून शिंकही लपत नसे.

"काही नाही. ठसका."

"ठसका लागल्यावर माणूस हात खिशात घालतो?"

"मी घालतो!"

संध्याकाळी घरी जाऊन मुकादमाने सुई घेतली. आता गंमत बघा. कुसळ उजव्या हातात, म्हणजे सुई डाव्या हातात. आणि डावा हात म्हणजे सव्वीस वर्षं नुसता फळीचं दुसरं टोक धरणारा! त्याच्या हाती सुई देणं म्हणजे बैलाच्या पाठीवरून फुलपाखरू पकडायला लावणं. त्यातून मुकादमाची एक खोड होती. सुई जवळ आली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. तर मिटल्या डोळ्यांनी, डाव्या हाताने त्याने अर्धा तास खटपट केली. शेवटी डोळे उघडून पाहतो तो कुसळ होतं तिथेच आणि शेजारी पाच नवीन भोकं!

दवाखान्यात जायची सोय नव्हती. जवळचा दवाखाना आवाराशी बांधलेला. डॉक्टरांची चिठ्ठी थेट मॅनेजरबाईंच्या टेबलावर यायची. तेव्हा मुकादमाने पत्र्याची एक छोटी डबी घेतली. तिच्या एका कोपऱ्यात थोडं मलम घेतलं, सुई ठेवली, आणि डबी खिशात टाकली. वेळ मिळेल तसं आडोशाला जाऊन मलम लावायचं, वेळ मिळेल तशी सुई चालवायची. आणि बाकी वेळ हात खिशात. 'दोन-चार दिवसांत कुसळ आपणहून बाहेर येईल,' असा त्याचा हिशेब होता.

कुसळ काही बाहेर आलं नाही. त्या हिशेबातून दुसरंच बाहेर आलं.

मंगळवारी सकाळपासून मुकादम एका हाताने आवारात फिरू लागला. सलाम डाव्या हाताने. चहा डाव्या हाताने. मॅनेजरबाईंनी सही मागितली तर ती डाव्या हाताने अशी केली, की बाईंनी कागद उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला. आणि पाऊल टाकलं की खिशातून आवाज यायचा. खुळूक! डबीत सुई हलायची.

खिळे उपटणाऱ्या मावशीने हे सगळ्यात आधी टिपलं. मावशी मुकादमाहून पाच-सहा वर्षांनी मोठी. पहाटे उठून बसलेल्या कावळ्यासारखी तिची नजर. ती करवतवाल्याला म्हणाली, "तुमच्या मुकादमाला काहीतरी सापडलंय."

"कशावरून?"

"काल ती जुनी खिडकी त्याने उचलली का? तेव्हापासून हात खिशाबाहेर नाही. आणि खुळखुळतंय!"

करवतवाल्याच्या डोक्यात एकदम दिवा लागला. ठसका! खिडकी! खिसा!

इथे एक सांगायला हवं. जुन्या घरांच्या लाकडात कधी काय दडवलेलं असेल सांगता येत नाही, अशी आवारातल्या सगळ्यांची श्रद्धा होती. आजवर प्रत्यक्षात सापडलं होतं ते एकच. एका पलंगाच्या पोकळ पायात दातांची कवळी निघाली होती. पण श्रद्धेला तेवढं पुरतं. कवळी निघू शकते तर अंगठी का नाही?

दुपारच्या चहापर्यंत मुकादमाच्या खिशात अंगठी होती. चहानंतर तिची नाणी झाली. सुट्टी होईपर्यंत ती नाणी जुन्या राजवटीतली होती, सोन्याची होती, आणि सात होती.

"सातच कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"आवाजावरून," मावशी म्हणाली.

बुधवारी आवाराने काम केलंच नाही. म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, की किती झपाटून काम चाललंय! माणसं लाकडाच्या ढिगांत कमरेपर्यंत शिरली होती. हातमोजे घातले की चाचपडताना काही कळत नाही म्हणून ते काढून ठेवले. खण उपसले, तळ ठोकून पाहिले, पलंगांचे पाय वाजवून पाहिले. आणि लाकडाने आपलं काम केलं. दुपारपर्यंत 'आई गं' वहीत नऊ नोंदी!

मॅनेजरबाई हबकल्या. महिन्याला नऊ व्हायच्या, त्या अर्ध्या दिवसात! त्यांनी वही पुन्हा पुन्हा वाचली. मग त्यांचे डोळे चमकले. बाईंना कोडं फार आवडायचं. त्यांनी मुकादमाला आत बोलावलं.

"मुकादम, हे बघा. नऊच्या नऊ जणांना कशाने लागलंय? पलंगाचा पाय. कपाटाचा खण. जिन्याचा कठडा. पेटीचा तळ. काही लक्षात येतंय?"

"काय बाई?"

"सगळं पोकळ लाकूड! भरीव वाशाने एकालाही लागलेलं नाही. असं का व्हावं? पोकळ लाकूड जास्त चावतं का?"

मुकादमही विचारात पडला. सव्वीस वर्षांत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याची खिडकी तर भरीव होती. पण ते सांगायची चोरी!

"तुम्ही छडा लावा," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्हाला लाकडाने काही केलं नाही. त्या दोन नोंदी सोडल्या तर. तुमच्याइतकं हे कोणाला कळणार?"

झालं! ज्याने कुसळ लपवलं, तोच कुसळांचा तपास करायला निघाला. एका हातात वही, दुसरा खिशात.

पहिला करवतवाला. त्याच्या नाकावर पट्टी होती.

"नाकाला कसं लागलं?"

"कपाटाच्या खणात डोकावत होतो. फळी निसटली."

"खणात काय बघत होतास?"

"हवा खेळती आहे का ते," करवतवाला मुकादमाच्या खिशाकडे बघत म्हणाला.

दुसरी मावशी. तिच्या बोटाला चिंधी.

"मावशी, बोट कुठे घातलं होतंस?"

"पायात."

"कोणाच्या?"

"पलंगाच्या. माझ्या पायात बोट घालायला मला काय वेड लागलंय?"

"पण घातलंस कशाला?"

"भोक किती खोल आहे ते मोजत होते."

"बोटाने?"

"मग काय नाकाने? ते करवतवाल्याने करून झालंय!" मावशी दोन पावलं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मुकादमा, खिशातला हात काढ. मग मी सगळं सांगते."

मुकादम दचकला. हिला कळलं! आता ही बाईंना सांगणार! तो कुजबुजला, "मावशी, कोणाला सांगू नकोस गं. फार आत आहे. अजून पुरतं बाहेर आलेलं नाही."

मावशीचे डोळे बशीएवढे झाले. 'अजून आत आहे! म्हणजे खिडकीतच!'

आणि दुपारनंतर त्या एका खिडकीवर सहा माणसं तुटून पडली. आणखी चार नोंदी.

"आता खिडकी!" बाई वहीवर पेन आपटत म्हणाल्या. "खिडकी तर भरीव! सगळा सिद्धान्त कोसळला!" त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाल्या, "असं करू. उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांना गोळा करते. तुम्ही लाकूड कसं उचलता ते सगळ्यांना करून दाखवा. मोकळ्या जागेत, सावकाश, दोन्ही हातांनी."

"दोन्ही?"

"तुम्ही काय एका हाताने उचलता?"

गुरुवारी दहा वाजता आवारातली माणसं गोल करून उभी राहिली. कोणाच्या बोटाला पट्टी, कोणाच्या कपाळाला, करवतवाल्याच्या नाकाला. लढाई हरून आलेली फौज! मध्ये एक दार, चौकटीसकट. आणि दारासमोर मुकादम, हात खिशात. अंगठा आता ठणकत होता. रात्रभर तो उशाशी कोणीतरी ढोल वाजवावा तसा वाजत होता.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

मुकादमाने घसा साफ केला. "मंडळी, लाकूड माणूस ओळखतं. आधी त्याला नीट बघायचं. खिळे कुठे, चिरा कुठे. मग धरायचं. मी आधी एका हाताने दाखवतो. एका हाताने जमलं की दोन हातांनी कोणालाही जमतं!"

त्याने डाव्या हाताने चौकट उभी केली. उभी राहिली! लोक कौतुकाने 'वा!' म्हणाले. पण दार चौकटीला बिजागऱ्यांनी लटकत होतं, आणि त्याला कडी नव्हती, हे बघायचं तेवढं राहून गेलं. दार सावकाश उघडलं. एखाद्या पाहुण्यासाठी उघडावं तसं अगदी अदबीने उघडलं आणि शेजारच्या पिंपाला लागलं. पिंप आडवं झालं. घरंगळत फळ्यांच्या थप्पीपाशी गेलं. थप्पी एका अंगाने खचली. धूळ उडाली! मॅनेजरबाई एका उडीत वजनकाट्यावर! आणि पिंपाला धडकून दार परत फिरलं ते थेट मावशीच्या अंगावर.

आता मात्र मुकादमाला काही आठवलं नाही. ना वही, ना खुर्ची. खिशातला हात सटकन बाहेर आला आणि मावशीच्या तोंडासमोर दार त्याने अडवलं. नेमकं अंगठ्याच्या बुडावर.

"आई गं!"

चार दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. फाटकाबाहेरचा कुत्रा उठून उभा राहिला.

हाताबरोबर डबीही बाहेर आली होती. ती जमिनीवर पडली आणि खुळखुळत निघाली. आणि मंडळी, ज्या माणसाने मावशीचं डोकं वाचवलं त्याच्याकडे कोणी बघेना! सगळे डबीवर पडले. मावशीसुद्धा! डोक्यावर डोकी आपटली. वहीत आणखी दोन.

करवतवाल्याने डबी जिंकली. झाकण उघडलं.

"काय आहे?"

"मलम."

"आणि?"

"सुई."

"सोन्याची?"

करवतवाल्याने सुई उजेडात धरली. "लोखंडाची. वर गंज चढलाय."

मग करवतवाल्याने नाकावरची पट्टी चाचपली. "म्हणजे मी हे नाक मलमासाठी फोडून घेतलं?"

मग सगळ्यांचं लक्ष मुकादमाच्या हाताकडे गेलं. अंगठा वांग्यासारखा झाला होता. रंगानेही.

बाईंनी त्याला ऑफिसात नेऊन बसवलं आणि त्याचा कागद काढला. कागदावर 'अपघात झाल्यास कळवा' यापुढे 'पत्नी' लिहिलेलं होतं आणि फोन नंबर. बाईंनी तो फिरवला. मुकादमाला वाटलं, सांगावं, की बाई, तिथे कोणी उचलणार नाही. पण उचलला. तो फोन आता त्याच्या लेकीकडे असायचा, हे तो विसरलाच होता.

पाऊण तासात लेक स्कूटरवरून आली. तिने हात बघितला. 'काय हे बाबा,' एवढंच म्हणाली. कोमट पाणी मागवलं, नवीन सुई मागवली, ती उकळून घेतली, टेबलावरचा दिवा जवळ ओढला. मुकादमाचे डोळे मिटले.

"बाबा, काल म्हणे तुम्ही तपास करत होतात. करवतवाले काका काय म्हणाले?"

"अगं, तो? तो म्हणतो हवा बघत होतो!" मुकादमाचे डोळे उघडले. "कपाटाच्या खणात! आणि मावशी तर..." आणि तो रंगात आला. मावशीचा आवाज काढला, मॅनेजरबाईंची उडी सांगितली. बाई तिथेच बसल्या आहेत हेही विसरला. पिंप कसं गेलं ते डाव्या हाताने दाखवलं. "...आणि झाकण उघडलं तर काय? मलम! आता तू काढ ते कुसळ एकदाचं. मी तयार आहे."

"काढलं," लेक म्हणाली. कागदावर ते पडलं होतं, अर्ध्या काडीएवढं.

"कधी?"

"मावशींचं बोट पलंगात होतं तेव्हा."

मुकादम कागदाकडे बघत राहिला. "मला कळलंसुद्धा नाही! हे कुठे शिकलीस तू?"

लेकीने सुई पुसून ठेवली. "आईकडे. आई रोज काढायची ना तुमची."

"माझी? रोज?"

"कधी एक, कधी चार. तुम्ही आलात की ती कोमट पाण्यात तुमचे हात बुडवून तेल चोळायची आणि विचारायची, आज काय काय झालं. तुम्ही सांगत सुटलात की सुई चालवायची. मी दिवा धरायचे."

"मला वाटायचं ती नुसतं तेल चोळते!"

"सुई दिसली की तुम्ही घराबाहेर जाता, असं म्हणायची."

मुकादमाने बाजू सावरून पाहिली. "पण मग बोलली का नाही कधी? मी इथे छाती काढून सांगत होतो, लाकूड मला ओळखतं म्हणून!"

"मी विचारलं होतं तिला एकदा," लेक म्हणाली. "तर म्हणाली, राहू दे. तेवढं एक वाक्य आहे त्यांच्याकडे."

मुकादमाने मनाशी हिशेब केला. लग्न आणि ही नोकरी एकाच महिन्यातली. म्हणजे तिच्याशिवायचा एकही दिवस त्याने या आवारात काढला नव्हता. लाकूड ओळखीचं नव्हतंच. पहिल्या दिवसापासून चावत होतं.

कोपऱ्यातून पेनाची टिकटिक ऐकू आली. मॅनेजरबाईंना कोड्याचं उत्तर मिळालं होतं आणि त्या आता राहवेना म्हणून गुणाकार करत होत्या. "वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं, रोजची सरासरी दोन धरली तर... पंधरा हजार सहाशे!" त्यांनी चष्मा काढला. "वहीला दोनशेच पानं आहेत हो."

"बाई, एवढ्या कशाला," मुकादम म्हणाला. "तीन झाल्या तरी खुर्चीच."

मग त्याचा आवाज जरा खाली आला. "एक विनंती होती. दुसरं कुठलंही काम द्या. झाडू मारतो. त्या खुर्चीवर दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं... तेवढं घरी होतं हो माझं."

लेकीने एकदम वर बघितलं. हे तिला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी वही उघडली, मिटली. "नियम मीच केलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि त्या हाताने महिनाभर तर तुम्हाला फळीही उचलता येणार नाही. सध्या बसा."

लेकीने त्याला इंजेक्शनला नेलं. तिथे त्याने काय केलं ते सांगत नाही. दोन माणसांनी धरलं होतं एवढंच.

शुक्रवारी मुकादम खुर्चीवर बसला. चार गाड्या आल्या. चार नंबर लिहिले. भिंतीत एक चीर होती, ती त्याने वरून खाली आणि खालून वर पाहिली. यंत्राचा आवाज येत होता, माणसांचं हसणं येत होतं, आणि तो फाटकाशी. दुपारी तर त्याने एका गाडीचा नंबर दोनदा लिहिला, तेवढंच काम.

साडेपाचला सुट्टी झाली. सगळ्यांत आधी मावशी आली आणि त्याच्यापुढे बोट धरून उभी राहिली.

"काढ."

"काय?"

"कुसळ. आत्ताच गेलंय. आणि वहीत माझ्या दोन झाल्यात. तिसरी झाली तर बसू कुठे, तुझ्या मांडीवर? खुर्ची एकच आहे!"

"मावशी, मला नाही जमत. माझे डोळे मिटतात."

"माझं बोट आहे. तुला काय दुखतंय? काढ मुकाट्याने! तुझ्या मलमापायी अख्ख्या आवाराने हात सोलून घेतलेत."

मावशी घरून सुई घेऊनच आली होती. मुकादमाने ती डाव्या हातात धरली. आणि चमत्कार! डोळे मिटले नाहीत. दुसऱ्याच्या हाताला सुई लावताना ते उघडे राहतात, हे त्याला इतक्या वर्षांनी कळत होतं. त्याने मावशीचं बोट उजेडाकडे वळवलं. मागे बघतो तो आणखी तिघं उभी. त्यांच्याही दोन-दोन नोंदी झालेल्या. ऑफिसच्या खिडकीत मॅनेजरबाई दिसल्या. त्यांनी हे सगळं पाहिलं, थोडं थांबल्या, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. दोन मिनिटांनी शिपाई टेबलावरचा दिवा आणि स्पिरिटची बाटली आणून ठेवून गेला.

मुकादमाने मावशीला विचारलं, "मग? आज काय काय झालं?"

"काय व्हायचंय? सकाळी सुनेशी वाजलं," मावशीने सुरुवात केली. सून काय म्हणाली, आपण काय म्हणालो, मुलगा कसा मधेच उठून गेला, शेजारीण कशी कान देऊन होती. मावशी तावातावाने सांगत होती. मुकादम खाली वाकून बघत होता. कुसळाचं टोक दिसत होतं. जरा डावीकडे. जरा अजून. डावा हात थरथरत होता, त्याला सांभाळायचं. टोक सुईला लागलं, निसटलं, परत लागलं...

"...म्हणून मग मी तिला तसं म्हटलं. मी बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर," मुकादम म्हणाला. आणि कुसळ निघालं.

निघालं आणि तो तसाच बसून राहिला. कारण त्याच्या ध्यानात आलं, की मावशी काय बोलली यातलं एक अक्षरही त्याने ऐकलेलं नाही. ऐकूच येत नाही! नजर सुईच्या टोकावर असते, कान बंद पडतात.

आणि सव्वीस वर्षं तो घरी जाऊन सगळं सांगायचा. ट्रकवाल्याला कसं झापलं, करवतवाल्याला कसं गप्प केलं, मालकासमोर कसा ठासून बोललो. आणि शेवटी रोज विचारायचा, 'मी बरोबर केलं ना?' ती खाली बघत म्हणायची, 'अगदी बरोबर.' त्याला वाटायचं, जगात आपलं म्हणणं एवढं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नाही!

मुकादमाला हसू यायला लागलं. थांबेना. डोळ्यांना पाणी आलं, तरी थांबेना.

"हसतोस काय?" मावशी खेकसली. "माझं घर पेटलंय आणि तुला हसू येतंय? ऐकत तरी होतास का मी काय सांगत होते ते?"

मुकादमाने बाहीने डोळे पुसले आणि मावशीच्या बोटाला स्पिरिट लावलं.

"अगदी बरोबर," तो म्हणाला.